अलकाताई आणि चौथा गडी

अलकाताई रोज सकाळी मशिनमध्ये पहिला हात स्वतःचा घालायच्या. आम्ही बायका अजून पदर खोचत असायचो, कुणी मिसरी लावून चूळ भरत असायची, तोवर त्या पट्टा चालू करून झडपेपाशी जाऊन उभ्या राहायच्या. झडप खटाखट उघडमीट करत असायची. त्या बाही वर सारायच्या आणि हात सरळ आत घालायच्या. झडप जागच्या जागी थांबायची. मग हात बाहेर काढून बोटं एकदा उघडून मिटून बघायच्या आणि म्हणायच्या, "हां. बसा आता."

पहिल्या दिवशी आमच्यातली सरूबाई म्हणाली होती, "अवं ताई, एखादं वांगं घालून बघा की. हात कशापायी?"

"वांग्याला दुखत नाही," अलकाताई म्हणाल्या. "वांग्यावर भागणार असलं तर मी मशिन कसंही बनवीन."

त्या तशाच होत्या. गोड बोलणं त्यांना जमायचंच नाही. वय असेल सत्तावीस-अठ्ठावीस. उंच, काटकुळ्या, मनगटावर पुरुषाचं घड्याळ, नखं अगदी मुळापर्यंत कापलेली. घर मेंढरंवाल्यांचं. वडिलांच्या वेळी मेंढरं कमी झाली आणि शेती आली, भावाच्या वेळी टोमॅटो आले. ह्या एकट्या शिकून इंजिनियर झाल्या, पुण्याकडच्या कंपनीत राहिल्या आणि आमचे मालक आबा, त्यांनी बोलावलं म्हणून परत आल्या. आबांचं पॅकहाऊस आळेफाट्याहून राजुरीकडे जाताना रस्त्याच्या कडेला होतं. शेतकरी तिथं टोमॅटो आणून टाकायचे आणि आम्ही लहान-मोठे निवडून क्रेट भरायचो. दोन हजार साल उलटून सात-आठ वर्षं झाली असतील. आबांना वाटलं, निवडायचं काम मशिननं करावं. विकतचं मशिन परवडेना. अलकाताई म्हणाल्या, मी बनवते.

आणि बनवलं. पट्ट्यावरून टोमॅटो पुढे यायचा, वर कॅमेरा त्याला बघायचा आणि काचेच्या खोलीतला कॉम्प्युटर ठरवायचा, हा मोठा, हा बारका. त्याप्रमाणे वाऱ्याच्या जोरावर झडप हलायची आणि टोमॅटो डावीकडे नाहीतर उजवीकडे पडायचा. कधी एखादा टोमॅटो झडपेत अडकायचा. तो हातानंच काढावा लागे. म्हणून झडपेच्या तोंडाशी एक बारीक उजेड सोडला होता. हात त्या उजेडात आला की कॉम्प्युटरनं झडप धरून ठेवायची, असा त्याला हुकूम होता.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. कॉम्प्युटरचं मला जे कळलं ते अलकाताईंनी सांगितलं तेवढंच. माझी जागा काचेच्या खोलीला लागून होती आणि मी फारशी बोलत नसे, म्हणून चहाच्या वेळेला त्या माझ्याजवळ येऊन उभ्या राहायच्या. चहा पार गार झाल्यावर प्यायच्या. त्यावर साय धरलेली मी कितीदा पाहिली आहे.

एकदा त्यांनी सांगितलं, "त्या डब्याच्या डोक्यात चार गडी आहेत. कोअर म्हणतात त्यांना. आणि एक मुकादम आहे. तो कामं वाटतो. जो मोकळा दिसेल त्याच्या गळ्यात काम. बिल छाप, फोटो साठव, लेबल काढ. मुकादमाला ह्यातलं महत्त्वाचं काय ते कळत नाही, फक्त मोकळं कोण ते कळतं. म्हणून मी एक ओळ लिहून ठेवलीय. त्या ओळीनं काय होतं, तर मुकादमाच्या हजेरीत चौथ्या गड्याचं नावच येत नाही. त्याला वाटतं आपल्याकडं तीनच गडी."

"मग चौथा काय करतो?" मी विचारलं.

"तुमचे हात बघतो."

"दिसभर?"

"दिवसभर. हात आला की तेव्हाच उठतो. तेव्हा तो दुसऱ्याच्या कामात गुंतलेला असला तर? हातातलं टाकून यायला जेवढा वेळ लागेल तेवढ्यात झडप मिटलेली असेल."

मला ते पटलं. पण इतर बायकांना सांगितलं तर सरूबाई हसली. "म्हंजी आबांच्या थोरल्या भावावानी. खायाला पयला, कामाला न्हाई."

अलकाताईंच्या आजोबांचा एक कुत्रा होता म्हणे. मेंढरांच्या मागं चार-पाच कुत्री असायची, ती वळवावळवी करायची. हा एक नुसता पडून राहायचा. आजोबा त्याला कुणाला हाक मारू द्यायचे नाहीत, वाड्यावर बांधू द्यायचे नाहीत. तो फक्त लांडग्यासाठी. आजी त्याला भाकर टाकताना रोज शिव्या घालायची.

"तुम्ही सांगा," अलकाताई मला म्हणाल्या, "त्याच्या सगळ्या आयुष्यात लांडगा कधी आलाच नाही. म्हातारा होऊन मेला. मग त्यानं काम केलं म्हणायचं का नाही?"

उत्तराला त्या थांबल्या नाहीत, आत निघून गेल्या.

बायकांशी त्यांचं भांडण झालं ते बांगड्यांवरून. झडपेपाशी बसणाऱ्या बाईच्या हातात बांगडी नको, असा त्यांनी नियम काढला. सरूबाई उसळली. "माजा नवरा जिता हाय, ताई. तुमचं लगीन न्हाई झालं म्हनून आमी हात मोकळं करायचं व्हय?"

दुसरी कुणी असती तर रडली असती नाहीतर ओरडली असती. अलकाताईंनी खिशातून रबराचा पट्टा काढला, सरूबाईचा हात धरला, बांगड्या कोपराकडे सरकवल्या आणि त्यावर पट्टा चढवला. "नवराही राहिला, हातही राहिला," म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून झडपेपाशी बसणाऱ्या सगळ्या बायका तो पट्टा घालू लागल्या. सरूबाई तर तो घरी जातानाही काढायची नाही. पण अलकाताईंशी ती पुढं कितीतरी दिवस बोलली नाही.

लग्नाचं म्हणाल तर, पाहुणे बघायला आले होते. मुलाच्या मामानं विचारलं, स्वैपाक येतो का? ह्या म्हणाल्या, "येतो. पण चुलीवर भात असला तर तेवढा वेळ पाहुण्यांना पाणी दुसऱ्या कुणीतरी द्यावं." मामा जे गेले ते परत आले नाहीत. हे त्यांच्या भावानं आबांना सांगितलं, आबांनी आम्हाला, आणि आम्ही आठवडाभर हसलो. अलकाताईंच्या आईला मात्र हसू आलं नसेल.

आबा वाईट माणूस नव्हते. बाईमाणसाला कधी वाकडा शब्द बोलले नाहीत, दिवाळीला साडी चुकवली नाही. पण शेतकऱ्याचा जीव. दारात उभा बैल त्यांना बघवायचा नाही. नांगरट नसली तर ते बैलांना शेणाची गाडी ओढायला लावत. तशात एक दिवस ते काचेच्या खोलीत आले. कॉम्प्युटरवर चार गड्यांच्या चार चौकटी होत्या. तिनांत हिरव्या रेघा डोंगरासारख्या वरखाली होत होत्या. चौथीत रेघ तळाला सपाट पडून होती.

"अलके, ह्यो एक झोपलाय का गं?"

"झोपला नाही, आबा. बसलाय."

"मंग बसल्या बसल्या बिलं छापू दे की! तो सागर वराडतोय, बिल निगाया उशीर व्हतो म्हनून. ट्रक खोळंबतात."

"मागच्या साली तुमची सून बाळंत व्हायची होती, तेव्हा जीप दारात उभी ठेवली होती का भाड्याला पाठवली होती?"

आबा हसले. "लई तोंडाळ हायेस. आगं, ते चार दिस व्हतं. हे रोजचं हाय."

"इथं बायका रोज हात घालतात."

आबा डोकं खाजवत बाहेर आले. पण त्यांच्या मनातून ती सपाट रेघ गेली नाही. येता-जाता काचेतून बघायचे. एकदा माझ्याजवळ थांबून आपल्याशीच म्हणाले, "पैसं दिल्यात चार जनांचं."

सागर म्हणजे त्यांचा पुतण्या. पुण्यात कॉम्प्युटर शिकून आला होता. पोरगा हुशार, बोलायला मऊ, आम्हाला मावशी म्हणायचा. अलकाताई बहिणीच्या बाळंतपणाला म्हणून दोन दिवस आंबेगावकडे गेल्या, तेवढ्यात त्यानं ती ओळ काढून टाकली. तेव्हा आम्हाला ते कळलं नाही. एवढंच दिसलं की बिलं भराभर निघू लागली. चौथ्या चौकटीतही डोंगर दिसू लागला. आबा काचेपाशी उभे राहून हसले, रुसलेला गडी कामावर आल्यासारखे.

अलकाताई परत आल्या. सकाळी बाही वर सारली, हात घातला, झडप थांबली. "हां. बसा आता." चौकटींकडे बघायची त्यांना गरज वाटली नाही. हातानं सांगितलं होतं ना. असे कितीतरी दिवस गेले, काही झालं नाही. त्या रोज हात घालत होत्या, झडप रोज थांबत होती.

झालं ते दुपारी, जेवणं झाल्यावर. मुंबईचे दोन ट्रक उभे होते. सागर एकीकडे बिलं छापत होता, एकीकडे लेबलं काढत होता, वर महिन्याभराचे फोटो सीडीवर उतरवत होता. झडपेपाशी हिरा होती. टोमॅटो अडकला. हिरानं रोजच्यासारखा हात घातला.

झडप थांबली. थांबलीच. पण मिटल्यावर.

हिराच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. ती ओरडली नाही, नुसती "आई" म्हणाली आणि खाली बसली. अलकाताईंनी ओढणी फाडून हात बांधला, तिला उचलून जीपमध्ये घातलं, सरूबाईला सोबत बसवलं. आम्हाला वाटलं ह्याही दवाखान्यात जातील. त्या काचेच्या खोलीत गेल्या. थोड्या वेळानं त्यांचा आवाज आला, अगदी हळू. "सागर, ओळ कुणी काढली?"

सागर रडकुंडीला आला होता. "ताई, सकाळी तुम्हीच हात घालून बघितला ना? थांबलं ना? रोज थांबत होतं ना?"

अलकाताई खुर्चीत बसल्या. मी काचेच्या ह्या बाजूला होते. त्यांचा चेहरा मला पूर्ण दिसत होता. सागरवर ओरडतील असं वाटलं, पण त्या आपल्याच हाताकडे बघत होत्या. म्हणाल्या, "सकाळी बिलं नसतात. सकाळी ट्रक नसतात. मी रोज रिकाम्या मशिनची परीक्षा घेत होते."

मग उठल्या. सागरला सांगितलं, दुपारी जे जे चाललं होतं ते सगळं परत चालू कर. माझ्या पिशवीतली काकडी मागून घेतली आणि झडपेत धरली. झडप थांबली. पुन्हा धरली, थांबली. पुन्हा धरली, आणि काकडीचं टोक उडून माझ्या पायापाशी पडलं. त्यांनी ओळ परत घातली, उरलेली काकडी धरून पुन्हा तेच केलं, कितीतरी वेळा. एकदाही कापली गेली नाही. आम्ही सगळ्या गोळा होऊन बघत होतो.

संध्याकाळी त्यांनी आबांना सांगितलं, बिलांसाठी वेगळा कॉम्प्युटर आणा. ह्या डब्याला माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. हे होईपर्यंत मशिन चालणार नाही. आणि झडपेच्या वाऱ्याच्या नळीचा पितळी जोड काढून त्यांनी मुठीत धरला.

दुसऱ्या दिवशी दारात क्रेटच क्रेट. ऊन कडक, टोमॅटो पिकलेला. शेतकरी शिव्या देऊ लागले. त्यांत अलकाताईंचा भाऊही होता, त्याचाही माल आला होता. तो पुढं होऊन म्हणाला, "अक्के, घरच्यांचा तरी इचार कर." त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. उठल्या नाहीत.

आबा हात जोडायचे बाकी राहिले. "पोरी, आनतो गं दुसरा डबा. हंगाम जाऊ दे, आनतो. मालाचं पानी व्हतंय."

"हंगामातच हात जातात, आबा."

हातानं निवडून होईना इतका माल होता. आबा म्हणाले, मशिन बंद तर कामही बंद, बायांनी घरी जावं. मग बायका उठल्या. सरूबाई पुढं झाली. "ताई, चालू करा. आमी जपून हात घालू. हात आमचं हायेत ना? आमाला न्हाई का कळत?"

अलकाताई म्हणाल्या, "हात तुमचे आहेत. झडप माझी आहे."

"मंग झडप घिऊन घरी बसा! आमच्या चुलीवर पानी कशाला वतता?"

ज्यांच्या बोटांसाठी त्या बसल्या होत्या, त्याच त्यांच्यापुढं हात नाचवून बोलत होत्या. अलकाताईंनी सरूबाईच्या हाताकडे पाहिलं. त्यावर रबराचा पट्टा होता.

तिसऱ्या दिवशी आबांनी हिराच्या नवऱ्याला, मारुतीला आणलं. त्याला तोवर पॅकहाऊसवर वॉचमनचं काम लागलं होतं. खाकी शर्टाची घडीही मोडली नव्हती. तो सगळ्यांसमोर म्हणाला, "चूक हिराचीच व्हती. ती बोलन्याच्या नादात व्हती. मशिनचा कायबी दोष न्हाई."

"हिराला बोलू द्या," अलकाताई म्हणाल्या.

हिरा जीपमध्येच बसली होती. हाताचं गाठोडं मांडीवर. अलकाताई जीपपाशी गेल्या आणि दारावर हात ठेवून वाकल्या. "हिरा, तू बोलत होतीस?"

हिरानं नवऱ्याकडं पाहिलं नाही, आबांकडं पाहिलं नाही. जमिनीकडं बघत म्हणाली, "माजंच ध्यान नव्हतं, ताई. ऱ्हाऊ द्या आता."

अलकाताई सरळ झाल्या. मूठ उघडली. पितळी जोड घामानं काळा झाला होता. त्यांनी तो आबांच्या हातात दिला नाही, सागरच्याही दिला नाही. जीपच्या बॉनेटवर ठेवला आणि रस्त्याला लागल्या. दुपारी मशिन चालू झालं. आम्ही सगळ्या बसलो. मीही बसले. पहिला हात कुणीच घातला नाही.

दोन आठवड्यांत ती ओळ पुन्हा काढून टाकली गेली, कारण बिलं पुन्हा अडायला लागली. पण हिराच्या बोटांचं आबांच्या मनाला लागलं होतं, हेही खरं. त्यांनी स्वतःच्या डोक्यानं एक उपाय काढला. झडपेसमोर एक स्टूल ठेवलं, भिंतीवर लाल बटण बसवलं आणि हात बरा झाल्यावर हिराला तिथं बसवलं. "तुजं काम येकच. बायांच्या हातावर ध्यान ठिवायचं. गडबड दिसली की बटन दाबायचं. दुसरं काय करायचं न्हाई."

पहिले काही दिवस हिरा नुसती बघत बसायची. डावा हात बटणाशी. तिच्या बघण्यानं आम्हाला धीर यायचा. एक दिवस आबा तिथून चालले होते, थांबले. "हिरा, नुसती बसून अंग आंबत न्हाई का गं?" संध्याकाळी तिच्या मांडीवर लेबलांचा गठ्ठा आला. आधी थोडी लेबलं, मग जास्त. सोलून रिकाम्या खोक्यांवर चिकटवायची. उजव्या हातानं नीट सोलता येत नसे, म्हणून ती दातानं टोक सोडवायची. तेवढा वेळ मान खाली.

अलकाताईंना मी शेवटचं पाहिलं ते त्यानंतर. पुण्याकडं दुसरी नोकरी मिळत होती. इथं काम केल्याचा आबांच्या सहीचा कागद हवा होता, म्हणून आल्या होत्या. आबा फाट्यावर गेलेले. मारुतीनं त्यांना दारात अडवलं नाही, खुर्ची दिली. त्या बसल्या नाहीत, आत आल्या. सरूबाईनं मान वळवून घेतली. काचेच्या खोलीकडं त्यांनी पाहिलं सुद्धा नाही. स्टुलापाशी जाऊन थांबल्या.

हिरा दातात लेबल धरून होती. ते तसंच राहिलं.

"हे कशासाठी बसवलंय तुला?" अलकाताईंनी बटणाकडं बोट केलं.

"बघायला."

"आणि हे?"

हिरा ओशाळून हसली. "आबा म्हनले, मोकळीच हायेस तर..."

अलकाताईंनी तिच्या तोंडातलं लेबल काढून घेतलं. मग मांडीवरचा गठ्ठा उचलला, चप्पल काढली आणि तिच्या पायाशी फरशीवर मांडी घालून बसल्या. एक खोकं पुढं ओढलं. "तू तिकडं बघ," म्हणाल्या.

त्या लेबलं लावत राहिल्या. नखं नव्हती, त्यामुळे त्यांनाही नीट सोलता येईना. पण सगळी लावली. हिरा ताठ बसून झडपेकडं बघत होती. पट्टा चालू होता, झडप खटखटत होती आणि इंजिनियरबाई फरशीवर बसून खोक्यांना लेबलं लावत होत्या. आबा परत आले, दारातून त्यांनी ते पाहिलं आणि तसेच मागं फिरले. कागदाची गोष्ट निघालीच नाही.

पट्टा थांबला तेव्हा त्या उठल्या. पायाला मुंग्या आल्या होत्या, क्षणभर स्टुलाला धरून उभ्या राहिल्या. मग चप्पल घातली.

हिरानं विचारलं, "आन उद्या कोन लावनार, ताई?"

अलकाताईंनी एकदा झडपेकडं पाहिलं, एकदा हिराच्या हाताकडं. बोटांना चिकटलेला डिंक ओढणीला पुसला आणि रस्त्याकडं चालू लागल्या.